खोडलेली पावती: किल्लारीचा भूकंप आणि सोलापुरातला एक बोळ

माझ्या कपाटात एक पावतीपुस्तक आहे. गुलाबी कागद, डाव्या कोपऱ्यात गणपती, वर 'सार्वजनिक गणेशोत्सव १९९३' असं छापलेलं. पावत्या केव्हाच फाडून दिल्या, उरल्यात त्या स्थळप्रती. बत्तिसाव्या स्थळप्रतीपासून पुढे 'गणेशोत्सव' या शब्दावर निळ्या बॉलपेनची आडवी रेघ आहे आणि तिच्यावर माझ्या अक्षरात 'भूकंप' असं लिहिलेलं आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मी गेली काही वर्षं मदतकार्यावर बोलतो. किल्लारीचा विषय निघाला की मुलं विचारतात, तेव्हा सगळे एक कसे झाले? भाषणात याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. माणुसकी जागी झाली, लोक जात-धर्म विसरले. ते खोटं नाही, पण मुलांच्या हाती त्यातून काही लागत नाही. उद्या त्यांच्या गल्लीवर वेळ आली तर कुणी काय करायचं आणि चुकतं कुठे, हे कळायला एकच गल्ली जवळून बघावी लागते. म्हणून हे एका बोळाचं प्रकरण, ३० सप्टेंबर १९९३ पासून जेमतेम तीन आठवड्यांचं. मी त्यात होतो, चुकाही माझ्या हातून झाल्या. तेव्हा हे तटस्थ माणसाचं लिखाण नाही.

बोळ आणि ते वर्ष

आमचा बोळ अशोक चौकाच्या अलीकडे. दोन्ही अंगांना यंत्रमागाचे कारखाने आणि त्यांना लागून घरं. चाळीसेक उंबरे. निम्म्याहून जास्त पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. पाच-सहा लिंगायत घरं कन्नड बोलणारी, काही आम्ही मराठी, आणि बोळाच्या तोंडाशी तीन मुसलमान घरं. पुरुष मागावर, बायका विड्या वळायला. सकाळी नळावर चार भाषा चालायच्या आणि चारही सगळ्यांना कळायच्या.

त्या तीन घरांतलं एक चाचांचं. चाचा आमच्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग अडला, आडवा धागा नेणारा धोटा उडाला, नक्षी काढणाऱ्या जेकार्डची दोरी तुटली की पहिली हाक चाचांना. गणपतीत मांडवाची रोषणाईही त्यांचीच. दहा दिवस त्यांचं रात्रीचं जेवण मांडवातच व्हायचं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

मग ६ डिसेंबर १९९२ आला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, १२ मार्चला बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. आमच्या बोळात एक खडासुद्धा पडला नाही. फक्त बोलणं आटलं. चाचा संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे ते बसेनासे झाले. कारखान्यात कामापुरतं बोलायचे, 'तेल दे', 'पाना दे', एवढंच.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. बी.कॉम. होऊन त्याच कारखान्यात हिशोब लिहायचो आणि मंडळाचा चिटणीस होतो. वर्गणीची यादी माझ्याकडे असायची. त्या साली यादीतून ती तीन घरं मी वगळली. मला तसं कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनाच अवघड वाटेल, उगाच कशाला, अशी मीच माझी समजूत घातली. रोषणाईच्या माळाही मीच कशाबशा लावल्या. या प्रकरणाची सुरुवात मी भूकंपापासून करत नाही, इथून करतो. तुटलेलं काय होतं ते कळल्याशिवाय जुळलं काय, हे कळणार नाही.

३ वाजून ५६ मिनिटं

२९ सप्टेंबर, बुधवार, अनंत चतुर्दशी. लेझीम खेळत मिरवणूक तलावावर नेली, विसर्जन करून रात्री दोनच्या सुमारास परतलो. अंगावर गुलाल तसाच. मी कारखान्याच्या स्लॅबवर जाऊन आडवा झालो.

जाग आली ती आवाजाने. खाली कारखाना बंद होता, शटर ओढलेलं होतं, आणि आत सगळे माग वाजत होते. मागावर काम केलेल्यालाच तो आवाज कळेल. पट्ट्यावर माग चालतो तेव्हाचा ठेका त्याला नव्हता. लोखंड जागच्या जागी थरथरत होतं आणि जेकार्डचे शेकडो हुक एकमेकांवर आपटत होते. मी जिना उतरून खाली आलो तोवर सगळा बोळ रस्त्यावर आला होता. म्हातारी माणसं 'कोयना, कोयना' म्हणत होती. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांना आठवली होती.

पुन्हा घरात जायची कुणाची छाती होईना. बोळात उघडी जागा एकच होती, ती म्हणजे मांडव. मूर्ती गेलेली, चौथऱ्यावर फुलं आणि अक्षता पडलेल्या. बायकांनी त्या बाजूला सारून लहान मुलांना तिथे निजवलं. चाचांची सून नातवाला खांद्यावर घेऊन कडेला उभी होती, पुढे यावं की नाही अशी. आई तिला म्हणाली, "निजव गं इथं. देवाचीच जागा आहे." ते पोर गणपतीच्या जागेवर दिवस उजाडेपर्यंत झोपलं.

पाचच्या सुमाराला चाचा वर बघत म्हणाले, "माळ कोणी लावली?"

"मीच, चाचा."

"जॉइंट उघडा आहे. पाऊस आला असता तर कुणीतरी चिकटलं असतं." त्यांनी घरून चिकटपट्टी आणली, स्टुलावर चढले आणि विसर्जन झालेल्या मांडवातली माळ नीट बांधली. खाली उतरताना एवढंच म्हणाले, "मला बोलवायचं होतं, बेटा."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

सिव्हिल

सकाळी रेडिओवर किल्लारी हे नाव आलं. आमच्या कारखान्यात मागावर एक गडी होता, तेरणेच्या काठी सास्तूरच्या बाजूला त्याचं गाव. बातम्या संपायच्या आत त्याने अंगात शर्ट घातला आणि एसटी स्टँडकडे निघाला. मालकांनी त्याच्या खिशात पैसे कोंबले. किती ते मोजायला दोघांपैकी कुणी थांबलं नाही.

दुपारपासून सोलापूरच्या सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, जखमी येऊ लागले. ट्रक, जीप, एसटी, मिळेल त्या वाहनाने. रक्त द्यायला लागलेली रांग फाटकाबाहेर आली होती. आम्ही आठ-दहा पोरं त्या रांगेत उभे होतो तेव्हा एक स्ट्रेचर शेजारून गेलं. दहा-बारा वर्षांचा मुलगा, अंगभर पांढरी माती. कपाळ कुणीतरी पुसलं होतं, पण कानामागे आणि मानेच्या घडीत गुलाल तसाच होता. मी माझ्या हाताकडे बघितलं. माझ्याही नखांत तोच रंग होता. त्यांनीही रात्री गणपती पोचवला होता, आम्हीही. ते थकून मातीच्या माळवदाखाली झोपले होते आणि मी सिमेंटच्या स्लॅबवर. त्या क्षणी मला एवढाच फरक दिसला.

सिव्हिलमध्ये डॉक्टर आणि परिचारिका उभ्याने राबत होत्या. औषधं येत होती. कमी होतं ते जवळचं माणूस. कित्येक जखमींच्या घरचं कुणी उरलंच नव्हतं, किंवा कोण कुठे आहे याचा पत्ता नव्हता. पाणी पाजायला, रात्री दचकून उठलेल्याचा हात धरायला कुणीतरी लागत होतं. हे आम्हा पुरुषांच्या लक्षात आलं नाही. आमच्या बोळातल्या विडी वळणाऱ्या एका अक्कांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी बायकांच्या जोड्या लावल्या, एक जोडी रात्री, एक दिवसा. विडीची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते, हात थांबला की पैसा थांबतो. तरीही जोड्या लागल्या. पहिल्या रात्री माझी आई आणि चाचांच्या घरच्या चाची गेल्या. त्या दोघी डिसेंबरपासून एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. तिथे रात्रभर काय बोलल्या ते आईने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बत्तिसावी पावती

३० तारखेला रात्री मांडवात सगळे जमले. विसर्जनानंतरच्या महाप्रसादासाठी ठेवलेले पैसे भूकंपग्रस्तांना द्यायचे, यावर वाद झालाच नाही. आणखी पैसे गोळा करायचे तर पावती हवी, आणि नवं पुस्तक छापून घ्यायला वेळ नव्हता. मग मी उरलेलं पुस्तक काढलं आणि 'गणेशोत्सव' खोडून वर 'भूकंप' लिहायला लागलो.

पहिले पुढे आले ते चाचा. एक्कावन्न रुपये. पावतीवर गणपतीचं चित्र होतं, माझा हात थबकला. म्हटलं, "चाचा, या चित्राची पावती चालेल ना?"

"पैसा कुठे जातोय ते बघ. चित्र काय बघतोस."

ज्या घराची पावती महिनाभरापूर्वी मी फाडली नव्हती, त्या घराची ती बत्तिसावी पावती.

पहिली खेप: आमची फसगत

शुक्रवारी १ ऑक्टोबरला पहाटे टेम्पो निघाला. परवा मूर्ती नेलेला तोच टेम्पो, पताकाही उतरवल्या नव्हत्या. आत घरोघरच्या पोळ्या आणि भाजी, जुन्या कपड्यांची नऊ गाठोडी, आणि वर आम्ही चौदा जण.

नळदुर्गच्या पुढे रस्ता तुंबायला लागला. उमरग्यापासून तर गाड्याच गाड्या. मदतीच्या गाड्या होत्या, तशाच नुसत्या बघायला आलेल्यांच्याही होत्या. या गर्दीत रुग्णवाहिका अडकत होत्या. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण चौदापैकी कामाचे आम्ही चौघेच होतो. बाकीचे दहा बघायलाच आले होते. मी स्वतःही थोडा बघायलाच निघालो होतो.

आत वळल्यावर एका लष्करी जवानाने टेम्पो थांबवला. विचारलं, "कोणत्या गावाला, कुणाकडे, काय घेऊन चाललात?" तिन्हींचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. शेवटी रस्त्याकडेलाच वाटप सुरू केलं. जे धडधाकट होते ते पुढे आले. ज्याचं माणूस ढिगाऱ्याखाली होतं तो ढिगारा सोडून पोळी घ्यायला येणार होता का? पाऊस सुरू झाला. पोळ्यांना दुपारपर्यंत वास यायला लागला. गाठोडी सुटून कपडे चिखलात पसरले आणि त्यांवरून गाड्या गेल्या. त्यांत चाचीचा एक चांगला ठेवणीतला सलवार-कुडता होता, तो मी ओळखला. नेसायला नऊवारी लुगडं लागणाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्याचा काय उपयोग होणार, हा विचार आमच्यापैकी कुणीच निघताना केला नव्हता.

आम्ही ढिगाऱ्यांमधून फिरलो. एका गावात रस्ता उरला नव्हता, पण गणपतीचा मांडव उभा होता. कळकाचे चार खांब, वर झिरमिळ्या. दगडाची घरं बसली आणि कळकाचा मांडव राहिला.

रात्री परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही.

दुसरी खेप: विचारून

सास्तूरकडे गेलेला तो गडी चौथ्या दिवशी परत आला. आई आणि धाकटी बहीण गेली होती. आठ वर्षांचा भाचा वाचला होता, त्याला सोबत घेऊन आला. तो कामावर आला आणि मागापाशी नुसता उभा राहिला. चाचांनी त्याचा माग बंद केला, त्याला मांडवात आणून बसवलं आणि मला म्हणाले, "वही घे. हा सांगेल ते लिही."

तो आधी घराविषयीच बोलला. भिंत दोन हात रुंद होती, म्हणाला. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मध्ये खडे-माती भरलेली. दोन्ही थर एकमेकांत अडकवणारा लांब दगड कुठेच नव्हता. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून बापाने आणि आजाने त्यावर मातीचा थर चढवत नेलेला. ज्या जाड भिंतीच्या भरवशावर ते उन्हाळा-हिवाळा काढत होते, तीच फुटून आतल्या माणसांवर आली. पुढे मी वाचलं की भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा, म्हणजे जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. पण तो उथळ होता आणि घरं अशी होती. हे दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं, त्यामुळे भूकंप धरून घर बांधायची रीतच इथे नव्हती. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते, काही लोक बाहेर झोपायलाही लागले होते. धक्के थांबले तशी माणसं घरात परतली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. आकडा कोणताही घ्या, ती बहुतेक भिंतींखाली गेली.

मग त्याने यादी सांगितली आणि मी लिहीत गेलो. ताडपत्री. दोरखंड. कंदील आणि रॉकेल. पातेली, तवे. नऊवारी लुगडी. पांघरुणं, कारण उघड्यावर रात्री गारठा आहे. टिकणारं अन्न. शेवटी म्हणाला, "आणि माणसं आणू नका. दोन बस झाली."

त्या एका पानाने सगळं बदललं. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते पान. कळवळा पहिल्या खेपेच्या वेळीही तेवढाच होता. विचारायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

टिकणारं अन्न म्हटल्यावर लिंगायत घरांतल्या आज्ज्या उठल्या. पोळ्या कुणी पाठवल्या म्हणून आधी त्या रागावल्या. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी त्यांच्या हातच्या, कागदासारख्या पातळ, वाळवून ठेवल्या की महिना महिना टिकतात. सोबत शेंगाचटणी. बोळात तीन चुली मांडल्या. तेलुगू घरांतल्या पोरी भाकरी वाळवत होत्या, चाची आणि आई खलबत्त्यात शेंगा कुटत होत्या. भाकरी मोडू नये म्हणून सुताच्या कांड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत थर लावून भरल्या.

पांघरुणांचं म्हणाल तर सोलापूरने दुसरं काय द्यायचं? मालकांनी आधी गोदामातला फॉल्टी माल काढला, एखादा धागा तुटलेला, किनार वाकडी झालेली अशा चादरी. मग कामगारांनीच ठरवलं, एक पाळी बिनमजुरीची करायची. मालकांनी सूत दिलं. नवी नक्षी बसवायला वेळ घालवायचा नाही, मागावर जे कार्ड चढलेलं आहे तेच चालू द्यायचं. त्या आठवड्यात आमच्या मागांवर मोराचं कार्ड होतं, म्हणून किल्लारीकडे गेल्या त्या सगळ्या चादरींवर मोर. बरेच दिवस बंद पडलेले दोन माग होते, ते चाचांनी रात्री बसून सुरू केले. त्यांतला एक पहाटे चालू झाला तेव्हा सास्तूरचा तो गडी स्वतःहून उठून त्याच्यावर उभा राहिला. नको म्हटलं तरी ऐकेना. भाचा शेजारी सुताच्या पोत्यावर बसून धोट्याची ये-जा बघत होता.

दुसरी खेप नेमक्या एका गावाला गेली. टेम्पोत ड्रायव्हर, तो गडी आणि मी. त्याने एकेका कुटुंबाचं नाव घेतलं, मी वहीत खूण केली. ढकलाढकली झाली नाही. दोन तासांत वाटप संपवून आम्ही रस्ता मोकळा केला. त्यानंतर अशाच आणखी तीन खेपा गेल्या.

आठ चादरी

आता ते, जे शिबिरात मी पूर्वी सांगत नव्हतो.

चौथ्या खेपेच्या आधी मोजणी केली तेव्हा आठ चादरी कमी भरल्या. पुन्हा मोजल्या, आठ कमीच. आमच्याकडे रीत होती की रोज रात्री वही मांडवात मोठ्याने वाचायची. मी मराठीत वाचायचो आणि एकजण तेलुगूत सांगायचा. त्या रात्री आठ कमी आहेत हे मी वाचलं आणि सगळे गप्प झाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, भरायला कोण होतं बघा. गाठी भरायला चाचांचा मुलगा होता.

दहा दिवस एकत्र भाकऱ्या थापलेली माणसं होती ती. तरी एका वाक्यात डिसेंबर परत आला. चाचा उठले नाहीत, काही बोललेही नाहीत. त्यांनी फक्त चिकटपट्टीचं रिंग खिशातून काढून समोर ठेवलं आणि त्याच्याकडेच बघत बसले. मी चिटणीस. मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की मोजणीची जबाबदारी माझी आहे, भरणाऱ्याची नाही. मी वहीची पानं उलटत राहिलो.

विडीवाल्या अक्का तेवढ्यात सिव्हिलहून आल्या. काय चाललंय ते ऐकलं आणि माझा हात धरून मला त्यांच्या घराशी घेऊन गेल्या. तुळशीमागच्या भिंतीवर कोळशाच्या आठ रेघा. सिव्हिलमधून घरी निघालेल्या आठ जखमींच्या अंगावर पांघरायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी गोदामातून आठ चादरी नेल्या होत्या. लिहिता येत नव्हतं, पण मोजायला हजाराच्या हिशोबात पक्क्या. घेतली की रेघ, घेतली की रेघ. अक्का मला म्हणाल्या, "तुझ्या वहीत आमचं पान कुठंय?"

खरंच नव्हतं. टेम्पोने जाईल तेवढंच मी मदत म्हणून लिहीत होतो. बायका दहा रात्री रुग्णांपाशी बसत होत्या, त्याची माझ्या हिशोबात एक ओळ नव्हती. चादरी हरवल्या नव्हत्या, माझ्या वहीत त्यांना जागा नव्हती. मी परत येऊन ते सगळ्यांसमोर वाचलं. ज्याने मागून कुजबुज केली होती तो उठून चाचांच्या मुलापाशी गेला आणि त्याच्यासोबत रात्री गाठी भरायला बसला. माफी वगैरे शब्द कुणी वापरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वहीत सिव्हिलचं वेगळं पान पडलं.

आमच्या शहराला चार हुतात्म्यांचा वारसा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. त्या ऑक्टोबरात प्रत्येक सभेत त्यांची नावं घेतली गेली आणि ती घ्यायलाच हवीत. पण आमच्या बोळापुरतं सांगायचं तर एकी मोडायला आली ती हिशोबात आणि सावरली तीही हिशोबात. वही रोज उघडी वाचली जात होती म्हणून संशय उघड्यावर आला. बंद राहिली असती तर तो संशय प्रत्येक घरात वेगवेगळा वाढला असता.

नंतर

पाचवी आणि शेवटची खेप दसऱ्याच्या आधी गेली. तोवर लष्कर, सरकार, देशभरातून आलेल्या संस्था यांची व्यवस्था लागली होती. आमच्यासारख्या टेम्पोंची गरज उरली नव्हती आणि आम्ही थांबलो, ते योग्यच केलं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आमच्या गड्याच्या मनात भाच्याला तिकडे पाठवायचं होतं, शेवटी त्याने सोलापूरच्याच शाळेत घातला. तो मुलगा आमच्या बोळात मोठा झाला. आज त्याचं वय माझ्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलंय.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. काम संपलं तसं रात्रीचं जमणंही संपलं. दिवाळीपर्यंत मांडवाची जागा पुन्हा सायकली लावायची झाली. पुढच्या काही वर्षांत कारखाने एमआयडीसीकडे सरकले, घरं विकली गेली. पण चाचा संध्याकाळी परत कट्ट्यावर बसायला लागले, आणि चाची-आई शेवटपर्यंत एकमेकींच्या दारात होत्या.

तीन घरं मी यादीतून वगळली होती, हे मी चाचांना कधीच सांगितलं नाही. बहुधा त्यांना ठाऊक होतं.

१९९४ चं पावतीपुस्तक छापून आलं तेव्हा मी वर्गणीला बोळाच्या तोंडापासून सुरुवात केली. चाचा दारात चहा पीत होते. एकवीस रुपये दिले. मी त्यांचं नाव लिहिलं, आकडा लिहिला, पावती फाडून हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, वरचं छापील 'गणेशोत्सव' नीट वाचलं, त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"या साली खोडायची पाळी येऊ नये," म्हणाले. "माळा कधी लावायच्यात?"